कुड्याची साल : एका ओळखीचा इतिहास

पोट बिघडले म्हणजे कुड्याचे पाळ सहाणेवर उगाळून ताकातून देण्याची चाल कोकणात आणि गोमंतकात फार जुनी आहे. ज्याने ते बालपणी घेतले असेल त्याला त्याची कडू चव सहसा विसरता येत नाही. गंमत अशी की, याच झाडाच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते; याच्याच बियांना इंद्रजव म्हणून वैद्याच्या बटव्यात मानाचे स्थान असते; आणि मेघदूतातल्या विरही यक्षाने आषाढाच्या मेघाला जे अर्घ्य वाहिले, तेही याच झाडाच्या ताज्या फुलांचे. राम-रावण युद्धात पडलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडले आणि त्याचे थेंब जेथे जेथे भूमीवर सांडले तेथे तेथे कुटज उगवला, अशी कथाही सांगतात. इतक्या थोर वंशावळीचे हे झाड दिसायला मात्र साधे असते. डोंगरउतारावर, माळावर, कुंपणाच्या कडेला ते वाढते. पान खुडले तर पांढरा चीक येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या सुगंधी फुलांनी ते भरून जाते, आणि मग त्याला जोडीजोडीने लांब, सडपातळ शेंगा लोंबू लागतात.

कुड्याच्या औषधी गुणांची थोरवी गाणे हा या लेखाचा हेतू नाही. तो अधिकार वैद्यांचा आहे, आणि कोणत्या विकारात किती मात्रा घ्यावी हे ज्याने त्याने त्यांनाच विचारावे. आम्ही पडलो कायद्याची माणसे. आम्हांला या झाडाच्या इतिहासाची ओढ लागली ती वेगळ्या कारणासाठी. न्यायालयात अनेक खटले अखेरीस एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : ज्याच्याविषयी वाद चालला आहे ती वस्तू हीच, हे कोण सांगतो, आणि त्याने ती स्वतः पाहिली आहे काय? कुड्याच्या सालीचा गेल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

प्रश्न उद्भवतो तो कुडे दोन आहेत म्हणून. एक पांढरा कुडा, ज्याच्याविषयी आम्ही आतापर्यंत बोललो. दुसरा काळा कुडा. दोघेही कण्हेरीच्या कुळातले. दोघांनाही चीक, दोघांनाही पांढरी फुले, दोघांनाही जोडशेंगा. परंतु काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाशी एकमेकींना चिकटलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या असतात. काळ्याच्या पानांपासून पूर्वी निळीसारखा रंग काढीत, आणि त्याच्या मऊ, पांढऱ्या लाकडाची चन्नपट्टणची प्रसिद्ध खेळणी होतात. पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोड. काष्ठौषधींच्या दुकानात 'कडू इंद्रजव' आणि 'गोड इंद्रजव' अशी दोन नावे चालतात ती याचमुळे. हा भेद आपल्या शास्त्रकारांना ठाऊक नव्हता असे नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वत्सकाचा, म्हणजे कुटजाचा, स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे पुरुष-कुटज व स्त्री-कुटज असे दोन प्रकार फुला-फळांच्या लक्षणांसह वेगळे काढून दाखविले आहेत. त्यांतला स्त्री-कुटज म्हणजे आपला काळा कुडा, असे अनेक अभ्यासक मानतात.

कण्हेरीचे हे कुळ मोठे गुणी आणि तितकेच भयंकर आहे. कण्हेर स्वतः विषारी. सातवीण, सर्पगंधा आणि आपल्या तुळशीवृंदावनाभोवती फुलणारी सदाफुली ही सर्व याच कुळातली. या झाडांच्या साली-मुळांत आणि पानांत नायट्रोजनयुक्त अशी कडू द्रव्ये साठलेली असतात, त्यांना रसायनशास्त्रज्ञ अल्कलॉइड म्हणतात. झाडाला पळून जाता येत नाही. पाने कुरतडणाऱ्या किड्यांशी आणि जनावरांशी त्याला जागच्या जागी उभे राहूनच सामना करावा लागतो, आणि ही द्रव्ये हे त्याचे एक शस्त्र होय. तेच द्रव्य योग्य मात्रेत माणसाच्या पोटातील जंतूंवर किंवा रक्ताच्या दाबावर काम करते. सर्पगंधेतील रिसर्पिन १९५२ मध्ये शुद्ध रूपात हाती आले. सदाफुलीतील द्रव्ये रक्ताच्या कर्करोगावर आज जगभर वापरली जातात. कुड्यातील मुख्य द्रव्याचे नाव कोनेसिन. त्याच्या नावाची हकिकत पुढे येईलच.

आता १५६३ च्या गोव्यात येऊ. त्या वर्षी गोव्याच्या छापखान्यात एक पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला : हिंदुस्थानातील वनौषधी आणि द्रव्ये यांविषयीचे संवाद. ग्रंथकर्ता गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ मध्ये भारतात आला आणि येथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. (पोर्तुगीज महाकवी कामोइंश याची एक कविता प्रथम छापली गेली तीही याच ग्रंथाच्या आरंभी.) ग्रंथाची रचना मोठी चतुर आहे. युरोपातील विद्यापीठांत शिकलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक पंडित प्रश्न विचारतो, प्राचीन ग्रीक आणि अरब ग्रंथकारांचे दाखले देतो, आणि ऑर्ता त्याला पुनःपुन्हा सांगतो की, ते ग्रंथ राहू देत, मी हे झाड पाहिले आहे. आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर रुआनो ऐकीव पुरावा पुढे करतो आणि ऑर्ता प्रत्यक्षदर्शी साक्ष देतो.

या ग्रंथात अतिसारावरील एका वनस्पतीसाठी एक संवाद खर्ची पडला आहे. पोर्तुगीज तिला 'मलबारी वनस्पती' म्हणत. पुढील टीकाकारांनी ती आपला कुडाच असल्याचे ठरविले. ऑर्ता आणि त्याच्यामागून आलेला कोस्ता यांच्या काळातील ग्रंथांतून या झाडाची 'कोरू', 'कुरोडपाला' अशी नावे भेटतात. 'कोरू' हे नाव ज्याने लिहून घेतले त्याच्या कानाला आपला 'ड' साधला नव्हता. पण जवळ उभा राहून 'कुडो' असे कोंकणीत सांगणारा माणूस त्या अक्षरांतून आजही ऐकू येतो. तो कोण होता? ऑर्ताच्या ग्रंथात मलुपा नावाचा एक हिंदू वैद्य येतो, आणखीही काही येतात. परंतु त्यांतील बहुतेक सांगणारे निनावी आहेत. औषध नोंदले गेले, सांगणारा राहून गेला.

त्या काळच्या गोव्यात सांगणाऱ्यांची स्थिती कशी होती हे वाचकांना नव्याने सांगावयास नको. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन स्थापन झाले. याच सुमारास कुठ्ठाळीचा श्रीमंगेश नदीपलीकडे प्रियोळास आणि केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये असे ठरविले. १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने परवाना देऊन व्यवसाय करू द्यावयाच्या हिंदू वैद्यांची संख्या ३० वर आणली. कायद्याचा इतिहास वाचणाऱ्याला येथे हसू आवरत नाही, कारण ज्या अर्थी संख्या ठरवावी लागली त्या अर्थी मूळ बंदी कोणी पाळीत नव्हते हे उघड आहे; गव्हर्नर आणि पाद्री स्वतःच आजारपणात पंडितांना बोलावीत. अधिकाऱ्याचे पोट दुखू लागले म्हणजे धर्मपरिषदेचा ठराव किती वेळ टिकणार! स्वतः ऑर्ताचे नशीबही सरळ नव्हते. त्याचे घराणे ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेले. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला धर्मन्यायासनाने जाळले, आणि १५८० मध्ये ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. गोव्याच्या वनस्पतींची पहिली छापील साक्ष देणाऱ्याचा शेवट हा असा झाला.

जसे देव हलले तशी माणसेही हलली. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या सारस्वत घराण्यांपैकी अनेक कोचीनला स्थिरावली. तेथे तिरुमल देवस्थानाभोवती त्यांची वसाहत वाढली, व्यापार वाढला, आणि त्यांनी आपल्यासोबत नेलेली भाषा, पूजापद्धती आणि वैद्यकी टिकून राहिली. १६६३ मध्ये डचांनी कोचीन पोर्तुगीजांकडून घेतले. १६७० मध्ये हेंड्रिक व्हान रेडे हा तेथील डच वसाहतीचा मुख्य अधिकारी झाला आणि त्याने मलबारातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करण्याचे मनावर घेतले. 'हॉर्तुस मलाबारिकुस' या नावाने तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे १२ खंडांत प्रसिद्ध झाला. ७०० हून अधिक वनस्पती आणि जवळजवळ ८०० चित्रपट त्यात आहेत. पहिल्याच खंडात 'कोडगपाला' या मलबारी नावाखाली आपला पांढरा कुडा चित्रासह येतो.

त्या पहिल्या खंडाच्या आरंभी काही साक्षपत्रे जोडली आहेत. त्यांतील एक नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत आहे. त्यावर १६७५ सालची मिती आहे आणि तळाशी तीन नावे आहेत : रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट. आम्ही कोचीनचे राहणारे ब्राह्मण वैद्य. व्हान रेडे यांच्या आज्ञेवरून आम्ही झाडे, वेली, औषधी यांची नावे आणि गुण आमच्या निघंटूच्या आधारे सांगितले. या कामी आम्ही खपलो. आणि हे सर्व खरे आहे, असा त्या पत्राचा आशय. शेजारी त्याचा लॅटिन अनुवाद छापला आहे. नागरी अक्षरांत छापल्या गेलेल्या कोंकणीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या पत्राची गणना होते, आणि भाषेचे अभिमानी त्याचा उल्लेख करतात तो बहुधा एवढ्यासाठीच. आम्हांला मात्र त्यात भाषेइतकेच महत्त्व त्याच्या स्वरूपाचे वाटते. हे प्रतिज्ञापत्र आहे. साक्षीदार कोण, राहतो कोठे, सांगतो ते कशाच्या आधाराने आणि कोणत्या दिवशी, हे सर्व त्यात आहे. खाली सही आहे. इतके नेटके कागद आमच्याकडे आजही रोज येत नाहीत.

व्हान रेडेने या पंडितांना केवळ माहितीचे गाठोडे समजून रिकामे केले नाही. वनस्पती समोर ठेवून जाणत्यांची सभा भरे, वाद चाले, आणि मगच नाव नक्की होई. ब्राह्मण वैद्य न चिडता, एकमेकांचा आदर राखून, पूर्वाचार्यांची वचने सांगत वाद करीत, याचे त्याने आपल्या प्रस्तावनेत मोकळेपणाने कौतुक केले आहे. (आमच्या वकीलबंधूंनी हा भाग अवश्य वाचावा.) चित्रपटांवर रोमन, मलयाळी आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही नावे कोरली गेली. सांगितलेले मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये आणि पोर्तुगीजमधून लॅटिनमध्ये जाई. एवढ्या हातांतून जाताना शब्द झिजतात, म्हणून मूळ नाव मूळ लिपीत शेजारी ठेवणे हे मोठ्या शहाणपणाचे काम होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे अवश्य आहे. आपल्या समाजात या ग्रंथाचा उल्लेख निघाला म्हणजे या तीन वैद्यांचीच नावे घेतली जातात. त्याच खंडात इट्टी अच्युतन या एळव जातीच्या मलयाळी वैद्याचेही साक्षपत्र आहे, २० एप्रिल १६७५ चे. पिढ्यान् पिढ्या घरात चालत आलेल्या पोथ्यांतून आणि अनुभवातून त्याने वनस्पतींची नावे व उपयोग सांगितले. त्याचा वाटा मोठा होता, आणि आधुनिक इतिहासकारांपैकी काहींच्या मते तो सर्वांत मोठा होता. एका कामी चार साक्षीदारांनी सह्या केल्या असता तिघांचीच नावे वाचून दाखविणे कोणत्याही न्यायालयात चालणार नाही. ते देवळाच्या सभामंडपातही चालू नये.

मग या झाडाचे युरोपात काय झाले? अठराव्या शतकात त्याची साल 'कोनेसी साल' आणि 'तेलिचेरी साल' या नावांनी तेथे जाऊ लागली. आवेवर गुणकारी म्हणून तिचे नाव झाले, आणि पाहता पाहता ते नाव बुडालेही. कारण, जहाजावर चढणाऱ्या पोत्यांत पांढऱ्या कुड्याच्या सालीबरोबर काळ्या कुड्याची साल मिसळलेली असे, आणि तिच्यात तो गुण नव्हता. दोष एकट्या परक्यांचा नाही. साल सोलणारे आणि पोती भरणारे हात आपल्याच किनाऱ्यावरचे होते. पण विकत घेणाऱ्यांनीही ओळख कोणाला विचारली नाही. साक्षपत्र त्यांच्याच ग्रंथात छापलेले होते. साल घेतली गेली आणि साक्षीदार पुस्तकात राहिले.

गोंधळ केवळ गोदामातला नव्हता, तो शास्त्रातही शिरला. थोर स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस हा कधी भारतात आला नाही. १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याने सिंहलद्वीपातून आलेले एक पांढऱ्या फुलांचे झुडूप आणि व्हान रेडेचा कोडगपाला ही दोन्ही एकाच नावाखाली घातली, आणि त्या नावात 'अतिसारनाशक' अशा अर्थाची पदवी जोडली. पुढे १८१० च्या सुमारास रॉबर्ट ब्राउन याने या मंडळींची वाटणी करून दोन प्रजाती वेगळ्या काढल्या. एकीला त्याने विल्यम राइट या स्कॉटिश वैद्याच्या नावावरून 'रायटिया' म्हटले. काळा कुडा तिच्यात गेला. दुसरी 'होलरेना', पांढरा कुडा तिच्यात आला. मात्र लिनियसची अतिसारनाशकाची पदवी नियमानुसार सिंहली झुडपालाच चिकटून राहिली, आणि आज ते झुडूप रोपवाटिकांतून शोभेसाठी विकले जाते. मिळकत एकाची आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे, असे प्रकार जमिनीतच घडतात असे आम्हांला वाटत होते!

१८५८ मध्ये मुंबईत डॉ. हेन्स यांनी सालीतून अल्कलॉइड वेगळे काढले आणि कोनेसी सालीवरून त्याला कोनेसिन म्हटले. काही वर्षांनी, १८६४ मध्ये, स्टेनहाउस यांना तेच द्रव्य बियांत सापडले. त्यांनी त्याला 'रायटीन' असे नाव दिले. म्हणजे पांढऱ्या कुड्याच्या सत्त्वाला रायटियाचे नाव! झाडांची अदलाबदल आता परीक्षानळीपर्यंत पोचली होती. सुदैवाने पुढे कोनेसिन हेच नाव रूढ राहिले. हे द्रव्य स्टेरॉइड वर्गातील अल्कलॉइड असून त्याच्या एका रेणूत कार्बनचे २४ अणू आणि नायट्रोजनचे २ अणू असतात.

विसाव्या शतकाची हकिकत थोडक्यात सांगता येईल. १९१२ मध्ये कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स यांनी ब्राझीलमधील इपेकाकच्या मुळातील एमेटिन टोचून आमांश बरा करण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतर कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा यांनी कुड्याचा, बंगालीत ज्याला 'कुर्ची' म्हणतात त्याचा, कसून अभ्यास केला आणि कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड हे औषध काही काळ दवाखान्यांतून वापरात आले. शुद्ध कोनेसिन मोठ्या मात्रेत दिल्यास निद्रानाश आणि मनाचे विकार उद्भवतात असा अनुभव आला. १९६० नंतर मेट्रोनिडाझोल हे कृत्रिम औषध आले आणि कुर्ची मागे पडली. आम्हांला यात रडण्यासारखे काही दिसत नाही; अधिक निर्धोक औषध मिळाले तर ते घ्यावे. वैद्यांच्या कुटजारिष्टात आणि कुटजघन वटीत झाड अजून आहेच.

परंतु ओळखीचा आणि साक्षीचा प्रश्न मात्र संपला नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर एका विद्यापीठाच्या नावे पेटंट दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. सामान्य वाचकाला वाटेल, यात काय अवघड होते? आपल्या घरोघरी जखमेवर हळद लावतात! अडचण तीच होती. तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशात एखादी गोष्ट लोकांच्या नुसत्या वापरात असणे पुरेसे नसे. ती कोठेतरी छापून प्रसिद्ध झालेली दाखवावी लागे. हा नियम २०११ च्या दुरुस्तीने बदलला आणि तो बदल २०१३ पासून अंमलात आला. तोवर कोट्यवधी आज्यांचे अनुभव मिळून एका छापील पानाइतकेही वजन भरत नव्हते. हळदीच्या बाबतीत जुने ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख कामी आला. पुढे २००१ पासून भारत सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह सुरू केला, तो जगातील पेटंट परीक्षकांना वाचता यावा या हेतूने. रंगभट, विनायक पंडित, आपूभट आणि इट्टी अच्युतन यांनी १६७५ मध्ये कागदावर सही केली तेव्हा असा काही खटला त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते; तरीही ज्या पुराव्याची असल्या खटल्यात गरज लागते, नेमका तोच त्यांनी करून ठेवला. त्या लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद मात्र व्हायला २००३ साल उजाडले. केरळातील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे त्यासाठी घातली.

इकडे बाजारात कुडे अजून दोनच आहेत, आणि पुडीवर नुसते 'इंद्रजव' लिहिलेले असले म्हणजे आत कोणते आहेत हे पुडी सांगत नाही. वाटून, कांडून, कुटून झाल्यावर दोन्ही साली सारख्याच तपकिरी दिसतात. शेंगांची टोके जुळलेली होती की सुटी, हे ज्याने झाडावर पाहिले तोच जाणतो. दुकानदाराने 'हेच अस्सल' असे शपथेवर सांगितले तरी जुने जाणकार इंद्रजवाचा एक दाणा दातांखाली धरतात, आणि तोंड कडू झाल्यावरच पैसे मोजतात.